कोंबड्यांचा राखणदार



शाळा सुटली, दप्तर कोपऱ्यात टाकलं, चहा-चपाती पोटात गेली, की पुढचा एक तास तुम्ही काय करता? आज या तासासाठी मी एक नोकरी आणली आहे. पगार नाही, रविवारची सुट्टीही नाही. पण कामाला डोळे आणि कान दोन्ही तयार लागतात. नोकरी आहे कोंबड्या राखायची!

हसलात ना? गाई राखायला गुराखी असतो, मेंढ्यांमागे धनगर असतो, पण कोंबड्यांना कुणी राखतं का, असंच म्हणाल. कुणी राखत नाही, म्हणून तर घरोघरी भांडण होतं. समजा, तुमच्याकडे पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. आजी म्हणते, "अरे, सोडा की त्यांना. उकरल्याबिगर कोंबडीला चैन पडतंय होय?" बाबा म्हणतात, "आई, मागच्या महिन्यात मुंगसानं दोन नेल्या. आता खुराडं उघडायचं नाही." तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणापलीकडून ओरडतात, "तुमच्या कोंबड्यांनी आमचा मेथीचा वाफा पार उकरून टाकला हो!"

आता यात चुकतंय कोण? कुणीच नाही. आजी कोंबडीच्या बाजूनं बोलते, बाबा हिशेबाच्या बाजूनं बोलतात आणि काकूंची मेथी तर खरोखरच गेलेली असते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तरच अंडी घालते. पोल्ट्रीतली खास जातीची कोंबडी तीनशेच्या वर घालते, तिची गोष्ट वेगळी. गावठी कोंबडीच्या या मोजक्या अंड्यांतली काही उबवायला ठेवायची, काही घरात खायची, उरलेली विकायची. पुष्कळ घरांत हा पैसा आईच्या नाहीतर आजीच्या हातचा असतो. वही-पेन, एसटीचं भाडं त्यातनं सुटतं. दोन कोंबड्या गेल्या म्हणजे वर्षाची सव्वाशेच्या आसपास अंडी गेली. घरच्या माणसांना राग येणारच की!

मग कोंडायच्या की सोडायच्या? तिसराही एक रस्ता आहे. रोज तास-दीड तास सोडायच्या, आणि तेवढा वेळ कुणीतरी त्यांच्यासोबत राहायचं. कुणीतरी म्हणजे तुम्ही!

कोंबडीला बाहेर कशाला जायचंय?

खुराड्यात दाणा-पाणी मिळतं, तरी दार उघडायचा आवाज आला की कोंबड्या एकमेकींना ढकलत दाराशी येतात. असं का?

कारण कोंबडी मुळात रानातली. आपल्या घरच्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. बांबूच्या बेटात, झुडपांखाली, पालापाचोळा उकरत फिरणारा पक्षी. आपल्या सह्याद्रीच्या रानात त्याचा चुलतभाऊ राहतो, राखी रानकोंबडा. त्याचाही घरच्या कोंबडीशी संबंध आहे बरं का! कित्येक कोंबड्यांचे पाय पिवळे असतात ना, तो पिवळेपणा राखी रानकोंबडीकडून आलेला आहे, असं शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिलं.

हा रानातला पक्षी माणसाच्या दारात आला तरी कसा? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचं उत्तर दिलेलं आहे. थायलंडमध्ये बान नॉन वाट नावाच्या जागी उत्खननात पाळीव कोंबड्यांची सगळ्यांत जुनी हाडं मिळाली. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळी तिथे माणसं भात आणि भरड धान्य पिकवू लागली होती. शेतात सांडलेल्या दाण्यांच्या मोहानं रानकोंबड्या जवळ आल्या आणि हळूहळू माणसाच्याच होऊन गेल्या, असं हे संशोधक म्हणतात. दाण्याचा हा मोह लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो कामाला येणार आहे.

तर, उकरणं कोंबडीच्या रक्तात आहे. नीट बघा ती कशी उकरते. एका पायानं माती मागे ओढते, मग दुसऱ्या पायानं, मग एक पाऊल मागे सरकून खाली काय निघालं ते मान वाकडी करून बघते. वाळवी, किडे, नाकतोडे, गांडुळं, गवताचं बी, कोवळे कोंब असा सगळा मेवा तिला मिळतो. शिवाय ती बारीक खडेही गिळते. का? कोंबडीला दात नाहीत! तिच्या पोटात पेषणी नावाची जाड स्नायूंची पिशवी असते. तिथे हे खडे जात्याच्या पाळूसारखं काम करतात आणि दाणा भरडून काढतात.

आणखी एक उद्योग म्हणजे मातीतली अंघोळ. सावलीतली भुसभुशीत माती सापडली की कोंबडी तिथे खळगा करते, एका कुशीवर पडते आणि पंखांनी धूळ अंगावर उडवते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिला झटका आला की काय! पण पिसांतलं जास्तीचं तेल आणि उवा-पिसवा काढायची ही तिची पद्धत. खुराड्याच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती हे कसं करणार?

हिरवा पाला खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक जास्त पिवळा-केशरी असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तो रंग कोंबडीला स्वतःला बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळवावा लागतो. कवचाचा रंग मात्र खाण्यावर अवलंबून नसतो, तो जातीवर असतो. म्हणून बाजारात तपकिरी अंडं दिसलं की ते गावठीच, असं समजू नका हं!

कोंबड्या सोडायची वेळ

सकाळी तुम्हाला शाळेची घाई, दुपारी ऊन. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकते. म्हणून भर उन्हात सोडणं नको. सगळ्यांत सोयीची वेळ म्हणजे सूर्य मावळण्याआधीचा तास-दीड तास. यात एक मोठी गंमत आहे. कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं. उजेड कमी व्हायला लागला की ती आपणहून खुराड्याकडे वळते. म्हणजे संध्याकाळी कोंबड्या गोळा करायचं निम्मं काम सूर्यच करतो!

तेवढं घड्याळ मात्र सांभाळा. मुंबई-कोकणाकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. नागपूरकडे त्याच्याही पंचवीसेक मिनिटं आधी. पाच वाजता घरी येणाऱ्यानं थंडीत खेळ थोडा पुढे ढकलावा आणि आधी खुराडं उघडावं.

आता दाण्याचा मोह. एक पत्र्याचा डबा घ्या, त्यात मूठभर तांदळाच्या कण्या किंवा ज्वारी टाका. रोज दाणे घालताना डबा खुळखुळवा आणि घरात कोंबड्यांना जी हाक मारतात ती हाक मारा. हाक कोणतीही चालेल, पण रोज तीच हवी. आठ-दहा दिवसांत कोंबड्यांना कळतं की हा आवाज म्हणजे दाणे. मग त्या कितीही लांब असोत, डबा वाजला की पंख फडकवत धावत येतात. बाहेर सोडण्याआधी पोटभर दाणे घालू नका, नाहीतर डब्याला कोण विचारतंय!

नवी कोंबडी विकत आणली असेल, किंवा एखादी तलंग, म्हणजे पहिल्या अंड्याला आलेली तरुण कोंबडी, मामाच्या गावाहून आली असेल, तर तिला आठवडाभर खुराड्यातच ठेवा. आपलं घर कुठलं हे तिला आधी कळू द्या. मग पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, असं वाढवत जा.

जागा निवडताना पहिली अट अशी, की काकूंचा वाफा लांब असावा. कुणाचं वाळवण पडलेलं असेल, भाताचं तरवं असेल, तर तिकडे कोंबड्या जाऊ द्यायच्या नाहीत. दुसरी अट, त्या जागेत दोन-चार दिवसांत औषध फवारलेलं नसावं, उंदराचं विष ठेवलेलं नसावं. तिसरी अट, जवळ आडोसा हवा. तगरीचं किंवा जास्वंदीचं झुडूप, कुंपण, काहीही चालेल. काहीच नसेल तर अंगणात बाज टाका, किंवा डालगं एका बाजूनं विटांवर टेकवून ठेवा. घार दिसली की कोंबड्या सरळ त्याखाली घुसतात. शेवटी रानातला पक्षी तो, डोक्यावर छप्पर असलं की त्याला बरं वाटतं.

खरा राखणदार कोण?

आता तुम्ही पायरीवर बसलात. कोंबड्या उकरतायत. तुम्ही कोंबड्यांकडे बघताय. पण कोंबडा कुठे बघतोय?

त्याच्याकडे दहा मिनिटं लक्ष देऊन बघा. तो फार कमी खातो. चार दाणे टिपतो, मान वर करतो. एखादा चांगला किडा सापडला तर स्वतः न खाता "टुक् टुक् टुक्" करून कोंबड्यांना बोलावतो. आणि मध्येच मान एका कुशीला तिरकी करून एकाच डोळ्यानं आभाळाकडे बघतो. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. म्हणून वरचं बघायला तिला मान अशी कलती करावी लागते. पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत तर असं दिसलं, की ती उजव्या डोळ्यानं दाणा आणि खडा यांतला फरक जास्त चांगला ओळखतात आणि शत्रूवर नजर ठेवायला डावा डोळा वापरतात. एकाच डोक्यात दोन कामांची वाटणी!

आणि आता कान द्या. कोंबडा धोक्याचे दोन वेगवेगळे इशारे देतो. आभाळात घार किंवा शिकरा दिसला तर बारीक, लांबट, शिटीसारखा आवाज काढतो. आवाज ऐकताच कोंबड्या आडोशाला पळतात नाहीतर जागीच दबून बसतात. जमिनीवरून कुत्रा, मांजर, मुंगूस आलं तर तो मोठ्यानं "कॉक् कॉक् कॉक् कॉकाऽक" असा कलकलाट करतो. या वेळी कोंबड्या दबत नाहीत, मान ताठ करून उभ्या राहतात आणि चहूकडे बघतात. बरोबरच आहे! वरून येणाऱ्यापासून लपायला हवं, जमिनीवरून येणारा कुठून येतोय ते बघायला हवं.

तुम्ही म्हणाल, कोंबड्या आवाजाला थोड्याच घाबरतात, त्यांना घारच दिसत असेल. हीच शंका शास्त्रज्ञांनाही आली. क्रिस इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर या तिघांनी एक प्रयोग केला आणि तो १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी कोंबड्यांचे हे दोन्ही आवाज टेप केले आणि एकट्या कोंबडीला ऐकवले. समोर ना घार, ना कुत्रा. तरीही पहिला आवाज ऐकून कोंबडी आडोशाला गेली, दबली, वर बघू लागली. दुसरा ऐकून ती ताठ उभी राहिली. म्हणजे त्या आवाजालाच अर्थ आहे. "वर बघा" आणि "आजूबाजूला बघा", हे दोन शब्दच म्हणा ना! याच शास्त्रज्ञांच्या मंडळींना असंही आढळलं, की जवळ कोंबडी असेल तर कोंबडा घारीचा इशारा जास्त देतो, आणि एकटाच असेल तर पुष्कळदा गप्प बसतो.

म्हणजे खरा राखणदार कोंबडाच. मग तुमचं काम काय उरलं?

मोठं काम उरलं. कोंबड्याला दिसतं आधी, ओरडता येतं आधी, पण भटक्या कुत्र्याला हाकलणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. तुम्हाला घार उशिरा दिसेल, पण तुम्ही नुसते उभे राहिलात तरी ती खाली यायला कचरते. त्याचे डोळे आणि तुमची उंची, अशी ही भागीदारी आहे. ती जमायची तर तुम्हाला त्याची भाषा कळली पाहिजे. नाकासमोर पुस्तक धरून किंवा मोबाइलवर खेळत राखण होत नाही ती यासाठीच.

इशारा ऐकला की उठा, टाळ्या वाजवा, ओरडा, काठी जमिनीवर आपटा आणि कोंबड्यांच्या जवळ जा. बस्स, एवढंच. मुंगसाच्या मागे धावू नका, घारीला दगड मारू नका. त्यांनाही पिल्लं असतात. मुंगसाला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि शेतातले उंदीर फस्त करणारा तोच आहे. कुत्रं अंगावर येतंय असं वाटलं तर मोठ्यांना हाक मारा, कोंबडीपेक्षा तुम्ही मोलाचे. कोंबडी झुडपात शिरली म्हणून हात घालून ओढू नका, गवताच्या भाऱ्याखालीही हात घालू नका. तिथे साप असू शकतो. डबा वाजवा, येईल बाहेर.

आणि हो, बारीक पिल्लं असतील तर त्यांना एवढ्यात मोकळं सोडू नका. कावळासुद्धा पिल्लू उचलतो. त्यांना आईसकट डालग्याखाली ठेवा.

बघता बघता शास्त्रज्ञ

रोज तासभर कोंबड्या बघून कंटाळा येईल, असं वाटतंय? मग नॉर्वेतल्या एका मुलाची गोष्ट ऐका. त्याचं नाव थोर्लेफ श्जेल्डरूप-एब्बे. नाव उच्चारताना जीभ वळत नसेल तर नुसतं थोर्लेफ म्हणा! याला लहानपणापासून कोंबड्या बघायचा नाद. कोण कुणाला टोचते, कोण कुणाला वाट देते, हे तो बघायचा आणि लिहून ठेवायचा. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की हे टोचणं उगाच चाललेलं नाही. कळपात एक कोंबडी अशी असते की ती सगळ्यांना टोचते आणि तिला कुणी टोचत नाही. दुसरी फक्त पहिलीचं ऐकते, बाकीच्यांना दटावते. असं करत करत शेवटची बिचारी सगळ्यांचं खाते. मोठेपणी त्यानं हे सगळं संशोधन म्हणून मांडलं, १९२२ साली ते छापून आलं. आज प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे सगळे जण हा 'टोचण्याचा क्रम' शिकतात. मुळात तो एका मुलाच्या वहीतून आलेला आहे!

ही माहिती आपल्यालाही उपयोगी आहे. दाणे एकाच जागी ओतले तर शेवटच्या नंबरच्या कोंबडीला काही मिळत नाही. म्हणून दाणे लांब पसरून टाका, पाण्याची भांडीही दोन ठेवा. आणि नेहमी पुढे असणारी कोंबडी एखाद्या दिवशी कोपऱ्यात पंख पाडून उभी राहिली, तर ती आजारी आहे हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळेल. कारण तिला रोज बघणारे तुम्हीच.

पंख पाडणं, हिरवट पातळ विष्ठा, मान पिळवटणं ही लक्षणं दिसली तर ती मानमोडी असू शकते. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. ती झपाट्यानं पसरते. म्हणून आजारी कोंबडी लगेच वेगळी ठेवायची आणि मोठ्यांना सांगून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. आधीच लस दिलेली असेल तर बाकीचा कळप वाचतो. मेलेल्या पक्ष्याला, मग तो कावळा असो की कोंबडी, हात लावायचा नाही. २००६ साली आपल्या देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. त्या वेळी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. राखण संपली की साबणानं हात-पाय स्वच्छ धुवायचे, मगच जेवायला बसायचं. यात सवलत नाही!

करून पाहा

एक जुनी वही घ्या. रोज सहा रकाने भरा : तारीख, सोडल्याची वेळ, किती सोडल्या, किती परत आल्या, कोंबड्यानं घारीचा इशारा किती वेळा दिला, जमिनीवरचा किती वेळा दिला. महिनाभरानं बघा, घार कुठल्या वेळी जास्त येते, कुत्री कुठल्या बाजूनं येतात. मग वेळ बदलायची की जागा बदलायची, हे तुम्हीच बाबांना वही दाखवून सांगू शकाल. खुराड्याचं दार लावताना मोजायला मात्र विसरू नका. पाच आणि एक सहा झाले, तरच कडी घालायची. एखादी कमी असेल तर उजेड आहे तोवर मोठ्यांना घेऊन शोधायला जायचं. कधी कधी ती हरवलेली नसते, लाकडांच्या ढिगामागे गुपचूप अंड्यांवर बसलेली असते! तसं असेल तर ती खुडूक झाली म्हणून समजा. अंडी उबायला एकवीस दिवस लागतात, तेव्हा आजीला विचारून तिची नीट सोय करा.

शहरातल्या दोस्तांनो, तुमच्याकडे कोंबड्या नसतील. सुट्टीत गावी गेलात की एक संध्याकाळ हा तास मागून घ्या. तोवर खिडकीतल्या चिमण्या, कबुतरं आणि कावळे आहेतच. घार आली की आधी कोण ओरडतं, ते बघा.

पालकांसाठी दोन शब्द : मुलाला हे काम द्याल तर पहिले आठ दिवस त्याच्याबरोबर बसा. धोका कशाला म्हणायचं, हे त्याला तुमच्याकडून शिकायचं आहे. आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी घारीनं डाव साधला, तर त्याच्यावर रागावू नका. घारीलाही पोट आहे. मुलाला जवळ बसवून घ्या, नेमकं काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच खुराडं उघडू द्या.

तर मग, वहीत काय काय नोंदलंत ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. तुमच्याकडे कोंबड्यांना काय हाक मारतात, तेही लिहा. आम्हाला सगळ्या गावांच्या हाका जमवायच्या आहेत!